टीव्हीखालच्या छोट्या पीसीला पॉवर सप्लाय कुठला घ्यावा? (घर देवगडला, घरात इन्व्हर्टर)

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. चतुर्थीला गावी जाईन तेव्हा टीव्हीखाली एक छोटा पीसी बसवून यायचं ठरवलंय. बाकी सगळं ठरलं, घोडं अडलंय ते पॉवर सप्लायपाशी, म्हणजे घरची वीज पीसीला लागेल तशी करून देणाऱ्या आतल्या डब्यापाशी.

घर देवगड तालुक्यात, मिठबावच्या अलीकडे, सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) कडेला. खाली समुद्र दिसतो, म्हणजे खारा वारा बारा महिने. माजघरात ४३ इंची टीव्ही भिंतीवर आहे आणि त्याच्या खाली भिंतीतच जुनं फडताळ आहे, पूर्वी आईच्या लोणच्याच्या बरण्या असायच्या तिथे. खोली ११ इंच, उंची ९. पीसी तिथेच मावला पाहिजे. जमिनीवर यंत्र नको, केर काढताना आडवं येतं, ही आईची अट आहे आणि तिच्यावर अपील चालत नाही.

काम काय, तर बाबांनी जमवलेलं दशावताराचं रेकॉर्डिंग. काही जुन्या व्हीएचएसवरून उतरवलेलं, काही लोकांनी मोबाइलवर काढून दिलेलं, त्यात घरातली लग्नं-मुंजी. सगळं मिळून दोन टीबीच्या वर गेलंय. शिवाय आईच्या मालिका, आणि भाचा आला की यूट्यूब. कोडी (व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर) टाकून रिमोटवर चालेल असं करून द्यायचंय.

प्रोसेसर आय३-१२१००, एच६१० चा मिनी-आयटीएक्स (छोट्या मापाचा) मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ४ टीबीची साडेतीन इंची हार्डडिस्क. ग्राफिक्स कार्ड नाही, पुढेही घेणार नाही.

लॅमिंग्टन रोडवर एक दुकानदार म्हणाला, कॅबिनेटसोबत २५० वॅटचा एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लायच) फुकट येतो, तोच वापरा. शेजारचा म्हणाला ५५० च्या खाली बघूच नका. ऑनलाइन कॅल्क्युलेटरने १८० सांगितलं. एका मित्राने पिको सप्लाय सुचवला, तो लॅपटॉपसारखा बाहेर अ‍ॅडॉप्टर असलेला. आणि एसएफएक्स साइझचा, म्हणजे छोट्या कॅबिनेटच्या मापाचा, ४५० वॅटचा गोल्ड (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) मला साडेआठ हजाराला सांगितलाय, जो प्रोसेसरच्याच किमतीला जाऊन भिडतो.

१८० पुरत असताना ४५० वर एवढे पैसे का घालायचे, हे कोणी समजावून सांगेल का?

पॉवरबाज

सरळ ६५० गोल्ड घ्या आणि विसरून जा. उद्या कार्ड टाकावंसं वाटलं तर? सप्लाय एकदाच घ्यायचा असतो. मी पुण्यात मित्रांना बिल्ड करून देतो, कुणालाच ६५० च्या खाली दिलेला नाही.

नुसतं_बघतो

एवढा खटाटोप कशाला? टीव्ही स्टिक घ्या, रिमोट द्या आईच्या हातात, संपलं.

सड्यावरचा

@नुसतं_बघतो स्टिक आहे घरी. पावसाळ्यात नेट रुसलं की ती नुसती गोल फिरत बसते. आणि दोन टीबी दशावतार त्या स्टिकमध्ये कुठे कोंबू?

@पॉवरबाज कार्ड खरंच नको आहे हो. फडताळात ते मावणारही नाही.

खाडीकाठ

मालवणात माझं रिपेअरचं टेबल आहे. टीव्ही, इन्व्हर्टर, एसएमपीएस, जे येईल ते उघडतो. वॅट सांगण्याआधी मला चार गोष्टी कळल्या पाहिजेत.

संध्याकाळी सात-साडेसातला त्या सॉकेटला व्होल्टेज किती येतं? इन्व्हर्टर साइन वेव्ह आहे की स्क्वेअर? त्याच्या मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल मोड असा स्विच असेल, तो कशावर ठेवलाय? आणि त्या सॉकेटचं अर्थिंग कुणी तपासलंय का?

मीटर वायरमनलाच लावायला सांगा, स्वतः सॉकेटशी खेळू नका.

गजालवाला

माका एक कळना नाय. वॅट वॅट करून सगळे भांडतत, पण खाडीकाठ सोडून अर्थिंग कोणी विचारल्यान? सड्यावरचा घर म्हणजे खाली निव्वळ कातळ. आमच्या वाडीत निम्म्या घरांचा अर्थिंग म्हणजे भिंतीत घुसवलेली एक हिरवी वायर, पुढे ती खय जाता ता देवाक ठाऊक. पीसीक हात लावलो की झिणझिण्यो येतत आणि लोक म्हणतत पीसी खराब. आधी वायरमनाक बोलव, मगे पीसी आण.

सड्यावरचा

चुलतभाऊ वायरिंगचीच कामं करतो, त्याला काल संध्याकाळी मीटर घेऊन पाठवलं. त्याने कळवलं ते असं:

सकाळी २२५ च्या आसपास. संध्याकाळी साडेसातला १७६ ते १८०. वाडीतले पाण्याचे पंप त्याच वेळी चालू असतात. इन्व्हर्टर साइन वेव्ह, एक १५० एएच ट्युब्युलर बॅटरी. स्विच नॉर्मल मोडवर. बाबा म्हणाले की यूपीएस मोडवर ठेवला तर संध्याकाळी लाईट असतानासुद्धा तो बॅटरीवर जातो आणि रात्री खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी मेलेली असते. म्हणून त्यांनी तो फिरवून वर चिकटपट्टी मारलीय.

अर्थिंगचं मात्र गजालवाले म्हणाले तेच निघालं. फेज आणि अर्थमध्ये मीटर १२० च्या आसपास नुसता डोलत होता. भाऊ म्हणाला, ही वायर कुठेच जोडलेली नाही.

खाडीकाठ

आता बोलता येईल. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी तुमचा पीसी खातो किती ते बघू. आय३-१२१०० ची कमाल टर्बो पॉवर ८९ वॅट. तीही सगळे कोअर पिळून काढले तर, आणि दशावतार बघताना ते कुणी पिळणार नाही. व्हिडिओ उलगडायचं काम चिपमधला ग्राफिक्सचा भाग करतो. यूट्यूबचा एव्ही१ हा व्हिडिओ फॉरमॅटसुद्धा त्याला हार्डवेअरमध्ये जमतो. म्हणजे पिक्चर चालू असताना सगळा डबा २५ ते ४० वॅट घेईल. सुरू होताना हार्डडिस्क फिरायला लागते तेव्हा ती १२ व्होल्टवर जवळजवळ २ अँपिअर ओढते, म्हणजे २४ वॅट, तेही काही सेकंद. सगळं एकदम झालं असं धरलं तरी १३० च्या वर जाणं कठीण. तेव्हा कॅल्क्युलेटर खोटं बोलत नाही, १८० पुरतात.

गोल्डचं लेबल बघून बिल वाचेल असंही समजू नका. गोल्ड हा ज्यातला दर्जा आहे त्या ८० प्लसची मोजणी २०, ५० आणि १०० टक्के लोडवर होते. १० टक्क्यांवरची अट टायटेनियमसारख्या वरच्या दर्जाला आहे, गोल्डला नाही. ४५० चे २० टक्के म्हणजे ९० वॅट, आणि तुम्ही असणार ३० वर. तिथे काय होतं हे ते लेबल सांगतच नाही. समजा चांगल्या-वाईटात भिंतीपाशी ३ वॅटचा फरक पडला. रोज पाच तास टीव्ही धरला तर महिन्याला अर्धा युनिट. तेवढ्यासाठी साडेआठ हजार घालणं वेडेपणा आहे.

तरीही मी तुम्हाला ४५० वालाच घ्या म्हणतोय, आणि त्याचं कारण तुमच्या बाबांनी मारलेली ती चिकटपट्टी.

लाईट गेली की इन्व्हर्टर एका क्षणात येतो असं आपल्याला वाटतं, पण मध्ये एक खिंड असते. यूपीएस मोडला ती साधारण १० मिलिसेकंदांच्या आत. नॉर्मल मोडला त्याच्या दुप्पट ते चौपट. बाबांनी नॉर्मल ठेवलाय ते योग्यच आहे, कारण यूपीएस मोड बहुतेक १८० च्या खाली लाईट मानतच नाही. पंखा-ट्यूबला ती खिंड कळत नाही. पीसीला कळते. तेवढा वेळ पॉवर सप्लायने स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर काढायचा असतो, त्याला होल्ड-अप टाइम म्हणतात. एटीएक्स (पीसीच्या भागांचं प्रमाण) घराण्यातल्या सप्लायकडून पूर्ण लोडच्या आसपास १६-१७ मिलिसेकंदांची अपेक्षा असते.

हा साठा म्हणजे आत शिरल्याबरोबर दिसणारा तो जाडजूड कपॅसिटर. माडीवरच्या पाण्याच्या टाकीचंच तत्त्व: पंप बंद पडला तरी नळ किती वेळ चालेल हे टाकी केवढी, भरलेली किती आणि तोटी किती उघडी यावर. आता हिशोब करा. ४५० वॅट गुणिले ०.०१६ सेकंद म्हणजे सुमारे ७ ज्यूल. तुमचा पीसी ४५ वॅट घेत असेल तर तीच टाकी १६० मिलिसेकंद पुरते. नॉर्मल मोडची खिंड त्यात आरामात बसते आणि वर उरते. म्हणून ४५०. तुम्हाला त्यातल्या वॅटची गरज नाही, टाकीची आहे.

मग तो फुकटचा २५० का नको? टाकी लहान म्हणून, हे अर्धं उत्तर झालं. ती भरते किती हे जास्त महत्त्वाचं. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (आत येणारा करंट सुधारणारं सर्किट) असलेल्या सप्लायमध्ये बाहेर १८० असो नाहीतर २३०, आतला कपॅसिटर ३८० ते ४०० व्होल्टवर धरलेला असतो. पीएफसी नसलेल्यात तो बाहेरच्या लाईटच्या शिखरापर्यंतच भरतो. २३० ला ३२५ व्होल्ट, १७८ ला फक्त २५२. साठा व्होल्टच्या वर्गाने जातो, म्हणजे तुमच्या संध्याकाळी तो ६० टक्क्यांवर आलेला असतो, आणि त्यातलाही तळाचा भाग वापरता येत नाही. आमच्या भागात एक तक्रार नेहमीची आहे: दिवसा लाईट गेली तर पीसी चालू राहतो, संध्याकाळी गेली की रीस्टार्ट होतो. लोक इन्व्हर्टर घेऊन येतात दुरुस्तीला. इन्व्हर्टरला काही झालेलं नसतं.

तेव्हा लेबलावर पहिली ओळ बघायची ती इनपुटची. १००-२४० व्होल्ट लिहिलेलं हवं. २००-२४० लिहिलं असेल किंवा मागे ११५/२३० चा लाल स्विच असेल तर खाली ठेवून द्या. गोल्ड घ्यायचा तो बिलासाठी नाही, त्या किमतीत आतलं कामही बहुधा धड असतं म्हणून. पीएफसी असतोच, आणि ५ व ३.३ व्होल्ट १२ वरून वेगळे बनवलेले असतात. जुन्या पद्धतीत ५ आणि १२ एकत्र सांभाळलेले असायचे, आणि आजचा पीसी जवळजवळ सगळं १२ वरच घेतो. मग एक चढतं, दुसरं उतरतं.

साइन वेव्ह इन्व्हर्टर आहे हे चांगलं झालं. स्क्वेअर असता तर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीशी त्याचं पटेलच याची खात्री नव्हती.

पॉवरबाज, ६५० ने बिघडणार काहीच नाही, टाकी अजून मोठी होईल. पण एसएफएक्समध्ये ६५० चे पैसे बघा आणि मग बोला.

अर्थिंगवर उद्या लिहितो, आता एक टीव्ही उघडून पडलाय.

पॉवरबाज

होल्ड-अपचा विचार केला नव्हता, पुण्यात आमच्याकडे यूपीएस लावून देतो. मग तुम्हीपण एक ६०० व्हीएचा यूपीएस का लावत नाही मध्ये?

खाडीकाठ

इन्व्हर्टरच्या पुढे यूपीएस म्हणजे दोन बॅटऱ्या, दोन चार्जर आणि दर दोन-तीन वर्षांनी एक छोटी बॅटरी बदलणं. त्यात १७८ व्होल्टला यूपीएस दर संध्याकाळी कटकट करत रिले मारणार. पीसीसाठी स्टॅबिलायझरही नको, त्याच कारणाने: रिलेवाला स्टॅबिलायझर टॅप बदलताना स्वतःच एक छोटी खिंड पाडतो. फुल रेंज सप्लायला १७८ चं काही वाटत नाही.

आता अर्थिंग. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो आणि त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलवरून बॉडीला जोडलेले असतात. अर्थ जागेवर असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी किरकोळ, म्हणून नुसत्या झिणझिण्या. माणसाला सहसा काही होत नाही, पण एचडीएमआय पोर्टला होतं. तुमचा टीव्ही दोन पिनचा, सेट टॉप बॉक्स दोन पिनचा, आणि त्यात वरून डिशची केबल छपरावरून आलेली. चालू असताना एचडीएमआय लावायला गेलं की तो सगळा फरक पोर्टमधल्या बारक्या पिनांतून जातो. माझ्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या टीव्हींमध्ये मेलेल्या एचडीएमआयचा ढीग असतो.

सड्यावर जांभा असल्यामुळे खड्डा मारणं जिकिरीचं, आणि मारला तरी पाणी झिरपून जातं, उन्हाळ्यात खड्डा कोरडाठाक. घराच्या न्हाणीचं सांडपाणी जिथे जातं त्या बाजूला माती सापडते का बघा. पाइप, कोळसा, मीठ, वर पाणी घालायला नरसाळं, आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्याला बादलीभर पाणी. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकात हे सगळं दिलेलं आहे, चांगल्या वायरमनला ते माहीत असतं. काम झालं की फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल जवळजवळ सारखं दिसायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थ मोजके काही व्होल्ट.

एक राहिलं. वादळात माडाची झावळी पडून खांबावरचा न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात ३०० च्याही वर येऊ शकतं. तिथे कुठलाच सप्लाय टिकत नाही, मग तो गोल्ड असो नाहीतर प्लॅटिनम. मीटरच्या पुढे ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवून घ्या. निसर्ग आणि तौक्ते वादळांनंतर ज्यांनी बसवले ते आता कुरकुरत नाहीत. फक्त अंडरची सेटिंग १६० च्या आसपास ठेवा, नाहीतर रोज संध्याकाळी घर अंधारात.

आबोली_होमस्टे

मी गुहागरला होमस्टे चालवते. दोन खोल्यांत असे टीव्हीखालचे पीसी आहेत, म्हणून मापाबद्दल लिहिते, कारण ते कुणीच बोललेलं नाही.

एसएफएक्स म्हणजे १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटर. एसएफएक्स-एल नावाचं भावंड असतं, ते १३० लांब. ऑनलाइन घेताना ही दोन नावं नीट वाचा. ३० मिलिमीटर ऐकायला काही वाटत नाही, पण छोट्या कॅबिनेटमध्ये तेवढ्यातच केबल वळवायच्या असतात. कॅबिनेटच्या माहितीत एसएफएक्स लिहिलंय की एसएफएक्स-एल, की टीएफएक्स, की फ्लेक्स, हे आधी बघून मगच सप्लाय घ्या. फ्लेक्सचा पंखा ४० मिलिमीटरचा असतो आणि त्याचा आवाज माजघरात चालणार नाही. गायन चालू असताना मागे डास गुणगुणल्यासारखं होतं.

तुमचं फडताळ ११ इंच म्हणजे २८० मिलिमीटर. मागे पॉवरची पिन आणि एचडीएमआयची वळण घेतलेली केबल मिळून निदान ५० मिलिमीटर जातात. म्हणजे कॅबिनेट २३० च्या आतलं. उंचीला २२८ मिळतात, पण वरून चार बोटं मोकळी सोडा, नाहीतर गरम हवा तिथेच कोंडते. फडताळाला दार असेल तर ते काढून टाका. आम्ही खालच्या बाजूला दोन भोकं पाडून घेतली. जांभ्यात भोक पडतं लवकर, पण पिशवीभर लाल धूळ निघते, तेव्हा पीसी आत ठेवायच्या आधी पाडा.

पंखा बंद राहणारा सप्लाय घ्या, झिरो आरपीएम म्हणतात तो. तुमच्या ३०-४० वॅटला त्याचा पंखा फिरणारच नाही. आवाजाचा फायदा आहेच, पण मला दुसराच जास्त मोलाचा वाटतो: खारी हवा आत ओढली जात नाही. आमच्या जुन्या, सतत फिरणाऱ्या पंख्याच्या सप्लायची २४ पिनची पट्टी काढली तर कडेच्या पिनांवर हिरवट पावडर, बोटाला चिकटणारी. नवा घेतलाय त्याच्या पिना अजून चकचकीत आहेत.

पाली आणि मुंग्यांसाठी कॅबिनेटच्या भोकांना आतून स्टीलची बारीक जाळी लावलीय. सप्लायच्या स्वतःच्या जाळीला काही लावू नका, हवा अडते.

आणि पावसाळ्यात पीसी महिनोन्महिने बंद ठेवू नका. रोज तासभर चालला तर आतून जरा उबदार राहतो, ओल धरत नाही. तुमच्याकडे मालिका आहेत म्हणजे तो प्रश्न मिटला.

सड्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. आबोलीताई, दार आहे फडताळाला, सागवानी, आजोबांनी केलेलं. ते काढायचं म्हणजे बाबांशी बोलणी करावी लागतील. बहुतेक ते उघडं ठेवण्यावर तह होईल.

भावाने अर्थिंगचं काम घेतलंय. न्हाणीच्या मागे, केळी आहेत तिथे दोन हात माती सापडली. चतुर्थीच्या आधी करून ठेवतो म्हणालाय.

खाडीकाठ, एक शेवटचा प्रश्न. पिको सप्लायचं काय? मित्र म्हणतो त्याला इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देता येतील, मग तुमची ती खिंडच उरत नाही.

खाडीकाठ

मित्राची कल्पना हुशार आहे, पण साध्या पिकोला ती झेपत नाही. तो ३.३ आणि ५ बनवतो, १२ मात्र आलेलेच पुढे सोडतो. १५० एएच बॅटरी चार्ज होताना १४ च्या वर जाते, उतरली की ११ च्या खाली येते. ते सगळं तुमच्या हार्डडिस्कला आणि बोर्डला जाणार. संरक्षण असेल तर पिको बंद पडेल, नसेल तर डिस्कवर येईल. ६ ते ३० व्होल्ट घेणारे वाइड इनपुट बोर्ड मिळतात, गाडीत पीसी बसवणारे वापरतात. पण मग जाड वायर, डीसी फ्यूज, इन्व्हर्टरपासून माजघरापर्यंतचं अंतर. ३० वॅटच्या डब्याला हा संसार कोण मांडणार?

अ‍ॅडॉप्टरवर चालवलात तर पिको चालेल, छोटा आहे, आवाज शून्य. फक्त अ‍ॅडॉप्टर चांगला हवा, १२ व्होल्ट आणि १२.५ अँपिअर, बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर- ने सुरू होणारा नंबर असलेला. त्याची टाकी मात्र १५० वॅटचीच. संध्याकाळी १७८ व्होल्टला नॉर्मल मोडची खिंड तो ओलांडेल की नाही, मी पैज लावणार नाही.

तुमच्यासाठी एसएफएक्स ४५०. नावाजलेल्या कंपनीचा, जो वॉरंटीसकट मिळेल तो. ५५० स्वस्त मिळत असेल तर तोही चालेल. बिल जपून ठेवा आणि ते देवगडला नको, मुंबईच्या घरी ठेवा, वॉरंटीचं काम तिथूनच होणार.

बीआयओएसमध्ये लाईट आल्यावर आपोआप चालू होण्याची एक सेटिंग असते. ती बंदच ठेवा. आपल्याकडे लाईट येते ती एका दमात येत नाही, दोन-तीनदा डोळा मारून मग स्थिरावते. हार्डडिस्कला तेवढ्या वेळा उठवून बसवू नका.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा, आणि डिशची केबलसुद्धा. सप्लायच्या मागचं बटण बंद करून भागत नाही, त्या बटणातलं अंतर काही मिलिमीटरचं असतं.

सड्यावरचा

ठरलं तर मग, ४५० मागवतो. मोड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) मिळतोय. माझ्या जुन्या पीसीच्या सप्लायच्या जास्तीच्या साटा पॉवर केबल पडल्यात, त्या लांब आहेत, डिस्कला तिथून नेणं सोपं जाईल. चालतील ना? खाचा सारख्याच दिसतायत.

खाडीकाठ

नाही!! अजिबात नाही. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं एक असतं, सप्लायकडचं टोक प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने जोडते. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही वेगळं असतं. खाचेत बसलं म्हणजे जुळलं असं नाही. ५ च्या जागी १२ गेले की डिस्क पहिल्याच स्टार्टला जळते, आणि बाबांचा दशावतार आहे त्यात.

नव्या डब्यातल्याच केबल वापरा. आखूड पडली तर त्याच मॉडेलची लांब केबल कंपनीकडून मागवा, किंवा डिस्क सप्लायच्या जवळ बसवा. आणि चतुर्थीला यायच्या आधी ते सगळं रेकॉर्डिंग दुसऱ्या एका डिस्कवर उतरवून मुंबईत ठेवा.

आबोली_होमस्टे

+१. आणि जुन्या केबल आजच बोहारणीला द्या, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी त्या लावेलच.